डेट्रॉईट सिटी एफसीची मॅच, कीवर्थ स्टेडियम, हॅमट्रॅमिक : तिकीट काढायच्या आधी या क्लबचा इतिहास वाचा

डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या बाजूला राहत असाल किंवा उन्हाळ्यात मुलाकडे-मुलीकडे मिशिगनला येणार असाल तर एक शनिवारची संध्याकाळ हॅमट्रॅमिकसाठी राखून ठेवा, डेट्रॉईट सिटी एफसी या फुटबॉल (इथल्या भाषेत सॉकर) क्लबची मॅच बघायला. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे सांगते. ग्रीनफिल्ड व्हिलेज, फोर्ड म्युझियम, मॅकिनॉ आयलंड हे सगळे पाहुण्यांना दाखवतातच आणि दाखवावंच, पण हे शहर आतून कसं आहे ते बघायचं असेल तर मला या मैदानासारखी दुसरी जागा माहीत नाही. आणि नुसती मॅच बघून तिची किंमत कळत नाही, हा क्लब कसा उभा राहिला ते माहीत असेल तरच कळते, म्हणून रिव्ह्यूमध्ये इतिहासच जास्त लिहितेय.

सुरुवात २०१० ची. तेव्हा डेट्रॉईट म्हटलं की रिकामी घरं, बंद कारखाने आणि शहर सोडून जाणारी माणसं एवढंच बातम्यांत यायचं. शॉन मान नावाच्या माणसाने शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांची हौशी सॉकर लीग सुरू केली, प्रत्येक वस्तीची एक टीम, बायका-पुरुष एकत्र खेळणार, उद्देश एवढाच की शहरात राहणाऱ्या लोकांची एकमेकांशी ओळख व्हावी. त्यातूनच पुढे मान आणि त्याचे चार मित्र अशा पाच जणांनी २०१२ मध्ये क्लब काढला. यातला कुणीही अब्जाधीश नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, डेट्रॉईट शहराने दिवाळखोरी जाहीर केली, अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहरावर ही पाळी त्याआधी कधीच आली नव्हती, आणि त्याच उन्हाळ्यात या क्लबची पोरं कॅस टेक हायस्कूलच्या मैदानावर "सिटी, सिटी" ओरडत होती. मला या क्लबबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो हे कळल्यावर.

अमेरिकेतली रचना आधी समजून घ्या नाहीतर गोंधळ होतो. वरती एमएलएस, म्हणजे मेजर लीग सॉकर, मेस्सी खेळतो ती. त्याखाली दुसरी पायरी, तिसरी पायरी, आणि सगळ्यात खाली हौशी लीग, ज्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची मुलं मे ते जुलै खेळतात. पण इंग्लंडसारखं जिंकलात की वर आणि हरलात की खाली असं इथे नसतं, कुठल्या पायरीवर खेळायचं ते पैसे आणि परवानगीवर ठरतं. (यूएसएल, म्हणजे दुसरी पायरी चालवणारी संघटना, तिच्या क्लब मालकांनी २०२५ मध्ये आपल्या लीगमध्ये ही वर-खाली पद्धत आणायचं मतदान केलंय, ते झालं तर फार मोठी गोष्ट होईल.) डेट्रॉईट सिटी सुरू झाला तो चौथ्या पायरीवर, एनपीएसएल नावाच्या हौशी लीगमध्ये, खेळाडूंना पगार नाही, आणि तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून कॅस टेकच्या मैदानात जागा मिळेना. २०१५ पर्यंत प्रेक्षक तीन हजारांच्या पुढे गेले, शाळेच्या मैदानावर, हौशी मॅचला! क्लीव्हलँड आणि बफेलोच्या क्लबांबरोबर त्यांची 'रस्ट बेल्ट डर्बी' व्हायची, तिन्ही शहरं कारखाने बंद पडून गंजलेली, आणि त्या नावाची लाज न वाटता उलट तेच कपावर घालून खेळायचे.

क्लबचा रंग लाल, पण साधा लाल नाही, गडद, वाइनसारखा, त्याला रूज म्हणतात, म्हणून टोपणनाव 'ल रूज'. हे शहर १७०१ मध्ये फ्रेंचांनी वसवलं आणि रूज नावाची नदी इथे आहे, तिच्याच काठी फोर्डचा तो प्रचंड रूज कारखाना. बॅजवर वुडवर्ड अव्हेन्यूवरचा 'स्पिरिट ऑफ डेट्रॉईट' पुतळा आहे, मार्शल फ्रेडरिक्सने केलेला, १९५८ चा. स्कार्फ घेणार असाल तर हे माहीत असू द्या, गळ्यात शहराचा अर्धा इतिहास असतो.

या भागात सॉकर आधी नव्हता असं नाही. १९७८ ते १९८० डेट्रॉईट एक्स्प्रेस नावाचा क्लब पाँटिअॅकच्या सिल्व्हरडोममध्ये खेळायचा, इंग्लंडचा ट्रेव्हर फ्रान्सिस सुद्धा त्यांच्याकडून खेळून गेला. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये याच सिल्व्हरडोममध्ये छताखाली खरं गवत आणून अंथरलं आणि वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली इनडोअर मॅच झाली, अमेरिका-स्वित्झर्लंड १-१. पण ते सगळं वरून आलेलं, पैसा आला तेव्हा आलं, गेला तेव्हा गेलं. सिल्व्हरडोम तर आता पाडूनही झालं.

आता कीवर्थ स्टेडियम. माझ्या मते या क्लबची सगळ्यात मोठी गोष्ट ही, ट्रॉफ्या नंतर. हॅमट्रॅमिक हे चारी बाजूंनी जवळपास डेट्रॉईटनेच वेढलेलं छोटंसं वेगळं गाव आहे, दोन चौरस मैल फक्त. १९३० च्या मंदीत रूझवेल्टच्या सरकारने बेकारांना काम मिळावं म्हणून देशभर बांधकामं काढली त्यातलं हे स्टेडियम, १५ ऑक्टोबर १९३६ ला खुद्द फ्रँकलिन रूझवेल्ट उद्घाटनाला आले होते. नंतर ऐंशी वर्षं ते शाळांचं मैदान म्हणून राहिलं, काँक्रीट खचत गेलं, शाळांकडे दुरुस्तीला पैसा नाही. क्लबला मोठं मैदान हवं होतं, बँका उभं करणार नाहीत, मग त्यांनी लोकांकडे मागितले. देणगी नाही हं, रीतसर गुंतवणूक, क्लब कमावेल त्यातून व्याजासकट परत करायची. ५२७ लोकांनी मिळून ७,४१,२५० डॉलर दिले. शिक्षक, बारवाले, कारखान्यात काम करणारे, शेजारपाजारचे. त्या पैशातून स्टँड, ड्रेसिंग रूम, बाथरूम, दिवे दुरुस्त झाले, आणि मैदान मात्र शाळांचंच राहिलं, क्लबच्या मालकीचं नाही, म्हणजे वापर हायस्कूलच्या मुलांनाही होतो. २० मे २०१६ ला पहिली मॅच झाली अॅन आर्बरच्या क्लबविरुद्ध, ७,४१० लोक आले. हौशी लीगच्या मॅचला ७,४१०. आपल्याकडे रणजी सामन्याला रिकामे स्टँड बघितलेल्यांना हा आकडा काय आहे ते कळेल.

तिथे गेल्यावर काय दिसतं ते सांगते. दोन बाजू आहेत आणि तिकीट काढताना ही निवड फार महत्त्वाची. एका बाजूला नॉर्दर्न गार्ड, म्हणजे क्लबचे कट्टर समर्थक, ते नव्वद मिनिटं बसतच नाहीत, ड्रम, झेंडे, गाणी, रूज आणि सोनेरी रंगाच्या धुराचे बॉम्ब, गोल झाला की टेट्रिस गेमच्या ट्यूनवर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून अख्खा स्टँड उड्या मारतो. मॅचच्या आधी ते मिरवणुकीने मैदानापर्यंत येतात, ती बघायला थोडं लवकर जा. पण त्यांच्या गाण्यांत शिव्या असतात, भरपूर, समोरच्या गोलकीपरला तर सोडतच नाहीत. लहान मुलं, आजी-आजोबा किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर दुसऱ्या बाजूचंच तिकीट काढा, तिथे निवांत बसता येतं आणि समोरचा धूर-झेंडे सगळं छान दिसतं, खरं तर तमाशा बघायला तीच बाजू चांगली. माझ्या सासूबाईंना तिथेच नेलं होतं, त्यांना खेळातलं ऑफसाइड वगैरे काही कळत नाही पण दुसऱ्या हाफमध्ये त्या टाळ्या वाजवून "सिटी" म्हणत होत्या, आणि घरी येताना पुढची मॅच कधी आहे विचारलं.

एक गोष्ट मला मनापासून आवडते की एवढं आक्रमक दिसणारं हे पब्लिक निर्वासित, एलजीबीटी, वेगळ्या वंशाचे लोक या सगळ्यांच्या बाजूने उघडपणे उभं राहतं, तसे बॅनर स्टँडात दिसतात. गोऱ्या लोकांच्या गर्दीत आपण वेगळे दिसतो ही भावना ज्यांना येते (मला इथल्या इतर काही मोठ्या मॅचेसना आलीय) त्यांनी इथे जाऊन बघा, कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही, आणि नवीन आहात कळलं तर गाण्याचे शब्द शिकवतात.

हॅमट्रॅमिकचंही श्रेय त्यात आहे. डॉज गाड्यांच्या कारखान्यासाठी इथे पोलिश लोक आले, आख्खं गाव पोलिश होतं, कारखाना १९८० मध्ये बंद झाला, मग येमेनी आले, बांगलादेशी आले. आज पोलिश बेकरी आणि बंगाली मिठाईचं दुकान जवळजवळ सापडतं, अजान आणि चर्चची घंटा दोन्ही ऐकू येते. त्यामुळे मॅचच्या आधी जेवायला हॅमट्रॅमिकमध्येच थांबा, कोनंट अव्हेन्यूवर बांगलादेशी हॉटेलं ओळीने आहेत, मासे-भात खाणाऱ्यांची चंगळ, शाकाहारींनाही डाळ-भाजी मिळते. पार्किंग आसपासच्या गल्ल्यांत, म्हणजे लोकांच्या घरांसमोर, बोर्ड नीट वाचून गाडी लावा आणि कुणाचा ड्राइव्हवे अडवू नका.

आता पुन्हा इतिहास, कारण पुढचा भाग नाट्यमय आहे. २०१६ मध्ये टॉम गोरेस आणि डॅन गिल्बर्ट या दोन अब्जाधीशांनी डेट्रॉईटला एमएलएसची टीम आणायचा प्रयत्न सुरू केला, आधी डाउनटाउनमध्ये अर्धवट पडलेल्या जेलच्या जागेवर नवीन स्टेडियम, मग ते बदलून फोर्ड फील्ड हे आधीपासूनचं स्टेडियम. एमएलएसमध्ये शिरायची फी तेव्हा १५ कोटी डॉलर होती. सिटीच्या लोकांनी स्पष्ट सांगितलं की आमचा क्लब आहे, आम्हाला वरून टीम नकोय. शेवटी एमएलएसने डेट्रॉईट घेतलंच नाही, आणि हा छोटा क्लब आपल्या पायांनी चढत गेला. २०२० मध्ये तो निसा नावाच्या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये गेला आणि व्यावसायिक झाला, नेमका कोविड आला, तिकीट विक्री बंद, तेव्हा क्लबने आपले शेअर चाहत्यांना विकायला काढले आणि अडीच हजारांहून जास्त लोकांनी ते घेतले. आपल्याकडे सहकारी कारखान्याचा शेअर घरात असतो आणि आजोबा "आपला कारखाना" म्हणतात, तसंच इथले लोक "माझा क्लब" म्हणतात आणि ते कागदोपत्री खरं असतं. निसामध्ये विजेतेपदं मिळवून २०२२ मध्ये क्लब यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, आला. दहा वर्षांत चौथ्यावरून दुसऱ्यावर.

आणि त्याच वर्षी १९ एप्रिलला यूएस ओपन कपमध्ये, ज्यात वेगवेगळ्या पायऱ्यांचे क्लब एकमेकांशी खेळतात, कीवर्थवर एमएलएसच्या कोलंबस क्रूला २-१ हरवलं, जो क्रू २०२० चा एमएलएस चॅम्पियन होता! ज्यांना डेट्रॉईट एमएलएसच्या लायक नाही वाटलं त्यांना मैदानातच उत्तर मिळालं. २०२३ च्या प्लेऑफमध्ये आठव्या नंबरने घुसून लीगमध्ये पहिल्या आलेल्या पिट्सबर्गला त्यांच्या घरी १-० काढलं, ते पण असंच.

मैत्रीपूर्ण सामने सुद्धा विचार करून ठेवतात. २०१६ मध्ये बेलफास्टचा ग्लेंटोरन क्लब आला, का, तर १९६७ मध्ये तोच क्लब 'डेट्रॉईट कूगर्स' नावाने इथे एक उन्हाळा खेळून गेला होता. २०१८ मध्ये जर्मनीचा सेंट पाउली आला, ज्याचे चाहतेही असेच डाव्या विचारांचे आणि कवटीचा झेंडा फडकवणारे. ओढूनताणून मोठं नाव आणण्यापेक्षा ज्याच्याशी नातं आहे त्याला बोलवायचं, हे मला फार पटतं.

खेळाच्या दर्जाबद्दल खरं सांगायचं तर प्रीमियर लीग बघणाऱ्यांना वेग कमी वाटेल, पहिला टच सुटतो, क्रॉस बाहेर जातात. सिटीची पद्धत बरीच वर्षं बचाव घट्ट ठेवून कमी गोलांनी जिंकायची राहिलीय, त्यामुळे पाच-सहा गोल बघायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण तुम्ही मैदानापासून इतके जवळ असता की खेळाडूंची आरडाओरड ऐकू येते, आणि मॅच संपल्यावर ते स्टँडाजवळ येऊन लोकांशी बोलतात, पोरांच्या शर्टावर सह्या करतात. लायन्स (अमेरिकन फुटबॉल) किंवा पिस्टन्सच्या (बास्केटबॉल) तिकिटाशी तुलना केली तर इथे अख्खं कुटुंब खूप कमी पैशात बसतं.

अर्धा स्टार कापला तो सोयींसाठी. उघडं काँक्रीट आणि बाकं, डोक्यावर छप्पर नाही, टर्फ कृत्रिम. सीझन मार्चमध्ये सुरू होतो तेव्हा थंडी हाडात शिरते, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन जाणार असाल तर जून ते सप्टेंबर हाच काळ धरा, बसायला उशी आणि संध्याकाळसाठी जॅकेट तरीही घ्या. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना पायऱ्या जड जातात.

क्लबने २०२४ मध्ये जाहीर केलंय की कॉर्कटाउन भागात, वर्षानुवर्षं बंद पडलेल्या साउथवेस्ट डेट्रॉईट हॉस्पिटलच्या जागी, साधारण १५,००० क्षमतेचं स्वतःचं स्टेडियम होणार, तेव्हा लक्ष्य २०२७ चं ठेवलं होतं. कॉर्कटाउन म्हणजे बेसबॉलचं जुनं टायगर स्टेडियम होतं तो भाग, फोर्डने दुरुस्त करून २०२४ मध्ये उघडलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशनही तिथेच, म्हणजे पाहुण्यांना फिरवायला सोयीचं होईल, आणि क्लबला मोठं व्हायचं तर हे हवंच आहे. तरी माझं मत विचाराल तर कीवर्थवरची मॅच चुकवू नका, ५२७ लोकांच्या पैशाने पुन्हा उभं राहिलेलं मैदान दुसरं कुठे बघणार. तिकीट क्लबच्या वेबसाइटवर आधीच काढा, लुईव्हिल किंवा इंडियानापोलिसविरुद्धची मॅच असेल तर नक्कीच आधी, आणि काढताना समर्थकांची बाजू की शांत बाजू ते नीट बघूनच पैसे भरा.