क्लेमांसोंचं घर: पॅरिसमधलं छोटं संग्रहालय आणि त्यामागचं मोठं मंत्रिमंडळ

पॅरिसच्या सोळाव्या विभागात, बेंजामिन फ्रँकलिन रस्त्यावरच्या ८ क्रमांकाच्या इमारतीत फ्रान्सचे दोनदा पंतप्रधान झालेले जॉर्ज क्लेमांसो जवळपास चौतीस वर्षं भाड्याने राहिले. २४ नोव्हेंबर १९२९ रोजी ते वारले तेही इथेच. त्यांच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला कुणी हात लावला नाही आणि १९३१ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना खुलं आहे. फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकात (१८७० ते १९४०) ज्यांना रस आहे त्यांनी ते चुकवू नये. पण एक अट आहे. घरात माणूस दिसतो, त्याचं मंत्रिमंडळ दिसत नाही. ते आधी डोक्यात घेऊन गेलात तरच या खोल्या बोलायला लागतात.

आधी वेळेचं बघू, कारण बहुतेकांची फेरी तिथेच फुकट जाते. संग्रहालय मंगळवार ते शनिवार आणि फक्त दुपारी उघडं असतं, २ ते साडेपाच. ऑगस्टभर बंद. पॅरिसला सकाळी संग्रहालयं आणि दुपारी भटकंती अशी आखणी करून येणारे दाराशी येऊन परत जातात. दुसरी अडचण म्हणजे बाहेरून ही साधी राहती इमारत वाटते. राजवाडा शोधत आलेला माणूस दारावरून पुढे निघून जातो. नंबर बघत चाला.

मेट्रोने यायचं तर ६ क्रमांकाच्या मार्गावरचं पासी हे स्थानक सगळ्यात जवळचं. तरी ६ आणि ९ हे दोन्ही मार्ग जिथे मिळतात त्या त्रोकादेरोला उतरून चालत येणं जास्त चांगलं. रस्त्याच्या त्या टोकाला फ्रँकलिनचा पुतळा आहे, आणि पुढे २५ बी क्रमांकाला वास्तुविशारद ओग्युस्त पेरे यांनी १९०३-०४ मध्ये बांधलेली काँक्रीटच्या सांगाड्याची इमारत लागते. वास्तुकलेचे विद्यार्थी तिच्यासाठी मुद्दाम येतात. दोन मिनिटं थांबा आणि मग ८ नंबर गाठा.

आत दोन भाग आहेत. तळमजल्यावर बिऱ्हाड आणि पहिल्या मजल्यावर कागदपत्रं, छायाचित्रं, चित्रं, वर्तमानपत्रं यांचं दालन. साधारणपणे लोक खाली रमतात आणि वर उरकतं घेतात. उलट करावं. आधी वर जाऊन घटनांचा क्रम मनात बसवा, मग खाली उतरा. सगळं मिळून सव्वा तास पुरतो. फ्रेंच वाचता येत असेल तर वरच्या दालनालाच तास द्या, कारण तिथला खरा ऐवज म्हणजे छापील आणि हाताने लिहिलेला मजकूर.

वरच्या दालनातली एक वस्तू मात्र भाषेवाचून कळते. पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या खंदकांची पाहणी करायला जाताना क्लेमांसो वापरत तो लांब कोट, ती टोपी आणि पोटऱ्यांना बांधायची ती आवरणं. पंतप्रधान आणि युद्धमंत्री ही दोन्ही पदं हाती असलेला शहात्तर वर्षांचा माणूस हे अंगावर चढवून चिखलात उतरत होता. १९१८ च्या फ्रान्समध्ये सैनिकांच्या मनात सरकारबद्दल जो बदल झाला तो समजायला हा कोट दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

खाली आलात की अभ्यासिका. इथलं घोड्याच्या नालेच्या आकाराचं मेज नीट बघा. बसणारा माणूस त्या वळणाच्या आत बसतो, म्हणजे समोर, डावीकडे आणि उजवीकडे कागद पसरलेले, आणि खुर्ची न सोडता सगळीकडे हात पोचतो. हे वर्तमानपत्र चालवणाऱ्याचं मेज आहे. क्लेमांसो शिक्षणाने डॉक्टर, १८७० मध्ये मोंमार्त्र असलेल्या अठराव्या विभागाचे महापौर, मग खासदार. पण निवडणूक हरल्यावर त्यांना तारलं ते लेखणीने. १३ जानेवारी १८९८ ला कादंबरीकार एमिल झोला यांचं द्रेफ्यूस प्रकरणावरचं, म्हणजे हेरगिरीच्या खोट्या आरोपात शिक्षा झालेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्यावरचं, पत्र छापणारं 'लोरोर' हे ते ज्यात लिहीत तेच वर्तमानपत्र, आणि 'मी आरोप करतो' हा त्यावरचा मथळाही त्यांनीच सुचवलेला. भोवतीची पुस्तकं, ग्रीक शिल्पांच्या साच्यातून काढलेल्या प्रती आणि जपानी चित्रं बघून हा माणूस फक्त भांडखोर पुढारी नव्हता, हेही लक्षात येतं.

घर तसं लहान आहे. दोनदा सरकार चालवलेल्या माणसाने एवढ्यात आयुष्य काढलं! म्हातारपणी तर घर सोडायची वेळ आली होती. अमेरिकेतले खाणमालक जेम्स डग्लस यांनी इमारतच विकत घेतली म्हणून ते टळलं. आज आपल्याला सगळं जागच्या जागी दिसतं त्याचं मूळ त्या खरेदीत आहे. मागच्या बागेच्या बाजूला थोडं थांबा. आयफेल टॉवर तिथून अगदी शेजारी वाटतो.

आता मंत्रिमंडळ. फ्रेंचमध्ये 'काबिने' हा शब्द तीन अर्थांनी चालतो: बसून काम करायची खोली, मंत्रिमंडळ, आणि मंत्र्याने स्वतः निवडलेले जवळचे सहकारी. पहिला अर्थ या घरात पूर्ण भेटतो. उरलेल्या दोघांची थोडी तयारी करून जा.

पहिलं मंत्रिमंडळ २५ ऑक्टोबर १९०६ ते जुलै १९०९ असं चाललं. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी कारकीर्द, कारण तेव्हा सरकारं महिन्यांवर मोजली जात. गृहखातं क्लेमांसोंनी स्वतःकडे ठेवलं. परराष्ट्र स्तेफाँ पिशोंकडे, अर्थ जोझेफ कायो यांच्याकडे, शिक्षण आणि धर्मविषयक खातं आरिस्तिद ब्रियां यांच्याकडे, सार्वजनिक बांधकाम लुई बार्तू यांच्याकडे, व्यापार गास्तों दुमेर्ग यांच्याकडे. कामगार मंत्रालय फ्रान्समध्ये याच वेळी प्रथम स्थापन झालं आणि ते रने विव्हियानींना मिळालं. युद्धखात्यावर त्यांनी जनरल पिकार यांना बसवलं. द्रेफ्यूस निर्दोष असल्याचा पुरावा शोधला म्हणून ज्यांना सैन्यातून काढलं आणि तुरुंगात टाकलं होतं, तेच हे पिकार. सैन्याला दिलेला याहून स्पष्ट निरोप मला माहीत नाही.

या यादीतले ब्रियां, कायो, बार्तू, दुमेर्ग आणि विव्हियानी असे पाच जण पुढे स्वतः पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळाचं बळ त्यातच होतं आणि दुखणंही त्यातच. १९०७ मध्ये दक्षिणेत द्राक्षबागायतदार पेटून उठले, नार्बोनमध्ये गोळीबारात माणसं मेली, सतराव्या पलटणीने बंड केलं. १९०८ मध्ये द्राव्हेय आणि व्हिलनव्ह-सँ-जॉर्जला संपकऱ्यांवर गोळ्या चालल्या. कामगार मंत्रालय काढणारं सरकार कामगारांचं वैरी ठरलं, आणि तो डाग क्लेमांसोंच्या नावावरून कधीच पुसला गेला नाही. पश्चिम रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, फिरत्या पोलिसांची बारा पथकं उभी राहिली. कायो यांचं उत्पन्नकराचं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकून पडलं. वरच्या दालनात या काळापाशी आलात की पोलीस आणि संप या दोन गोष्टी एकत्र धरून बघा. वेगवेगळ्या बघितल्या तर माणूस चुकीचा कळतो.

हे सरकार पडलं ते क्लेमांसोंच्या जिभेमुळे. २० जुलै १९०९ ला नौदलावर चर्चा चालू असताना त्यांनी माजी परराष्ट्रमंत्री देल्कासे यांना १९०५ मधल्या राष्ट्रीय मानहानीवरून डिवचलं. सभागृह उलटलं आणि २१२ विरुद्ध १७६ मतांनी ठराव सरकारच्या विरोधात गेला. सरकारच्या बाजूचे कितीतरी सदस्य त्या दिवशी जागेवर नव्हतेच. ज्यांनी इतरांची सरकारं पाडून 'वाघ' हे नाव कमावलं, त्यांचं सरकार असं एका दुपारी गेलं.

दुसरं मंत्रिमंडळ १६ नोव्हेंबर १९१७ चं. याची घडणच निराळी आहे. पिशों पुन्हा परराष्ट्रात आले, पण भावी पंतप्रधानांची ती फळी या वेळी नव्हती. क्लोट्झ अर्थ, लेग नौदल, पाम्स गृह, लुशेर शस्त्रास्त्रं, क्लेमांतेल व्यापार. युद्धखातं स्वतः क्लेमांसोंकडे. सगळी सूत्रं एका खोलीत आणि ती खोली चालवणारी तीन माणसं: उपसचिव झ्यूल जानने, खासगी कार्यालयाचे प्रमुख जॉर्ज मांदेल आणि लष्करी कार्यालयाचे प्रमुख जनरल मोर्दाक. काबिनेचा तिसरा अर्थ तो हाच. २० नोव्हेंबरला सभागृहाने ४१८ विरुद्ध ६५ मतांनी विश्वास दिला. जानेवारी १९१८ मध्ये कायो यांना अटक झाली. पहिल्या मंत्रिमंडळातला अर्थमंत्री दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळात तुरुंगात! ही एक जोडी लक्षात ठेवली तरी दोन सरकारांतला फरक कळतो. मार्चमध्ये दुलां गावातल्या बैठकीत जनरल फॉश यांच्याकडे दोस्त सैन्यांच्या समन्वयाची सूत्रं आली, एप्रिल १९१९ मध्ये आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा कायदा झाला. जानेवारी १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पूर्वचाचणीत, म्हणजे खऱ्या निवडणुकीआधी खासदारांनी घेतलेल्या मतदानात, देशानेल यांना ४०८ आणि क्लेमांसोंना ३८९ मतं पडली. त्यांनी माघार घेतली आणि सरकारचा राजीनामा दिला.

या घरात काय सापडणार नाही तेही सांगायला हवं, नाहीतर शोधत बसाल. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांनी काढलेलं त्यांचं प्रसिद्ध व्यक्तिचित्र ओर्से संग्रहालयात आहे. उदबत्तीचा सुगंधी माल ठेवायच्या जपानी डब्यांचा त्यांचा संग्रह, सुमारे तीन हजार नग, कॅनडात मॉन्ट्रियलच्या ललितकला संग्रहालयात आहे. सैनिकांनी आघाडीवर दिलेले फुलांचे वाळलेले गुच्छ तर त्यांच्या इच्छेप्रमाणे शवपेटीतच ठेवले गेले. ती कबर व्हांदे प्रांतात मुशांजवळ आहे. बागेत आणि समुद्राकाठी म्हातारपण घालवणारे क्लेमांसो हवे असतील तर त्याच प्रांतातलं सँ-व्हँसाँ-स्युर-झार इथलं घर बघा. ते वेगळं संग्रहालय आहे, पॅरिसहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही.

बाहेर पडल्यावर रस्ता देलेसेर बुलेवारला मिळतो त्या कोपऱ्यापर्यंत जा. १९ फेब्रुवारी १९१९ च्या सकाळी क्लेमांसो घरून गाडीने महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेच्या बैठकीला निघाले होते. तिथे एमिल कोतँ या तरुणाने गाडीवर एकामागून एक गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरात रुतली आणि शेवटपर्यंत आतच राहिली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आठ-दहा दिवसांत कामावर परतला.

तो रोज ज्या कामावर जायचा ती जागा म्हणजे सँ-दोमिनिक रस्त्यावरचं ब्रिएन भवन, युद्धमंत्रालय. मातिन्याँ भवन पंतप्रधानांकडे आलं ते १९३५ मध्ये, त्यामुळे क्लेमांसोंचं मंत्रिमंडळ तिथे शोधू नका. ब्रिएन भवनातली त्यांची खोली आणि मेज जपून ठेवलं आहे, पण संरक्षण मंत्रालय असल्याने एरवी आत सोडत नाहीत. सप्टेंबरमधल्या वारसा दिनांना, म्हणजे तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास, ते लोकांसाठी उघडतात. आधी नोंदणी लागते का ते बघून घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. सप्टेंबरात पॅरिसला असाल तर सकाळी ब्रिएन आणि शनिवारी दुपारी २ ला फ्रँकलिन रस्ता असा बेत करा. रविवारी घर बंद असतं.