अपडेटनंतर ब्लूटूथचा आवाज बिघडला: ड्रायव्हर मागे न्यावा, नवा टाकावा, अपडेट काढावे की डोंगल घ्यावे?

विंडोज ११चे अपडेट बसले आणि ब्लूटूथ हेडफोनचा आवाज गेला, की बरेच जण एकतर ते अपडेट काढून टाकतात, नाहीतर नवा हेडफोन शोधायला लागतात. हे दोन्ही महागात पडू शकते. या दोहोंच्या मधे ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरण यांना जोडणारे सॉफ्टवेअर) मागे नेणे, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परतणे, आणि लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकणे असे दोन मार्ग आहेत आणि बरेच लॅपटॉप त्यांनीच सुधारतात. निवड करताना दोन गोष्टी पाहायच्या: नेमके काय बिघडले, आणि त्या तारखेला लॅपटॉपवर काय बसले.

आधी तारीख बघा

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अपडेट हिस्टरी उघडा. तिथे फीचर अपडेट्स, क्वालिटी अपडेट्स आणि ड्रायव्हर अपडेट्स असे वेगळे गट दिसतात. आवाज बिघडला त्या दिवसाची नोंद कोणत्या गटात आहे, ते पाहा. ड्रायव्हर गटात इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांचे ब्लूटूथ वा ऑडिओचे नाव असेल, तर मासिक (क्वालिटी) अपडेट काढून काहीही साधणार नाही. ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसतो. अपडेट काढले तरी तो तिथेच राहतो. ‘अपडेट काढले तरी आवाज नाहीच’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तसेच उचलले जातात. रीस्टार्टमध्ये ते नव्याने सुरू होतात. सेटिंग्जमधून ब्लूटूथचे बटणच नाहीसे झाले असेल, तर शिफ्ट दाबून शट डाउन करा, चार्जर काढा आणि मिनिटभर थांबून चालू करा. वायफाय-ब्लूटूथचे कार्ड अर्धवट अवस्थेत अडकलेले असेल तर बऱ्याचदा एवढ्याने सुटते.

आवाज आहे पण घोगरा: इथे चारही मार्ग नकोत

गाणे नीट वाजते, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचा ड्रायव्हरशी सहसा संबंध नसतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये संगीतासाठी ए२डीपी हे प्रोफाइल (आवाज पाठवण्याची ठरलेली पद्धत) वापरतात. त्यात स्टिरिओ आवाज फक्त हेडफोनकडे जातो. हेडफोनचा माइक उघडला की जोडणी एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री प्रोफाइलवर जाते. तिथे आवाज मोनो होतो आणि नमुने सेकंदाला ८ किंवा १६ हजारच घेतले जातात. विंडोज १०मध्ये एकाच हेडफोनच्या ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नोंदी दिसत, त्यामुळे काय झाले ते लक्षात येई. विंडोज ११मध्ये नोंद एकच असते आणि बदल आपोआप होतो.

अपडेटनंतर ठरलेला इनपुट बदलला असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, इनपुट इथे जाऊन लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. झूम, टीम्स किंवा मीटमधला माइक वेगळा निवडावा लागतो, तोही पाहा. हेडफोनचा माइक कधीच लागत नसेल तर डिव्हाइसेसच्या पानावरून ‘मोअर डिव्हाइसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज’ उघडा, हेडफोनच्या प्रॉपर्टीजमधल्या सर्व्हिसेस या भागात ‘हँड्स-फ्री टेलिफोनी’वरची खूण काढा. हेडफोन आणि लॅपटॉप दोन्ही एलई ऑडिओ (ब्लूटूथवर आवाज पाठवण्याची नवी पद्धत) जाणत असतील तर गोष्ट वेगळी आहे: विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत, योग्य ड्रायव्हर असल्यास, बोलतानाही स्टिरिओ टिकतो.

जोडलेला दिसतो पण आवाज नाही, अशा वेळी हेडफोन फोनला जोडून पाहा. तिथे नीट वाजला तर हेडफोन निर्दोष आहे. मग फोनचे ब्लूटूथ बंद करा, कारण एकाच वेळी दोन उपकरणांना जोडले जाणारे हेडफोन पुष्कळदा फोनलाच धरून बसतात. त्यानंतर जोडणी दोन्ही बाजूंनी पुसा. लॅपटॉपवर ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करा आणि हेडफोनवरही जुनी यादी रिकामी करा. एकीकडची जोडणीची किल्ली (एकमेकांना ओळखण्याचा गुप्त कोड) नवी आणि दुसरीकडची जुनी राहिली, तर हेडफोन जोडला जातो आणि लगेच सुटतो.

लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकरही मुके झाले असतील तर ब्लूटूथच्या मागे लागू नका. दोष बहुधा ऑडिओ ड्रायव्हरचा किंवा ‘विंडोज ऑडिओ’ या सर्व्हिसचा आहे.

ड्रायव्हर मागे नेणे की कंपनीचा टाकणे?

खरी निवड इथे आहे.

मागे नेण्याचे काम पाच मिनिटांचे. स्टार्टवर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, ब्लूटूथ, त्यात ‘इंटेल वायरलेस ब्लूटूथ’ किंवा तत्सम नाव, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. हे बटण फिके असेल तर आधीचा ड्रायव्हर त्या नोंदीशी जोडलेला नाही एवढाच अर्थ घ्या. ‘अपडेट ड्रायव्हर’, मग संगणकावर शोधा, मग ‘लेट मी पिक’ असे गेलात तर साठ्यातल्या जुन्या आवृत्त्या बऱ्याचदा दिसतात. तारीख पाहून आधीची निवडा आणि रीस्टार्ट करा. ड्रायव्हर नुकताच बदलला असेल आणि त्याआधी सगळे ठीक चालत असेल, तर हाच मार्ग पहिला. इंटरनेट लागत नाही आणि काही हरवत नाही.

याची कमजोरी अशी, की विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकते. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, पण त्यात सुरक्षेची अपडेटही थांबतात. म्हणजे हा श्वास घेण्यापुरता वेळ समजा. ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये तो ड्रायव्हर दिसला तर त्यावर खूण करू नका.

कंपनीच्या ड्रायव्हरला अर्धा-पाऊण तास लागतो, पण तो टिकतो. लॅपटॉपच्या तळावरचा किंवा सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या सपोर्ट पानावरून ब्लूटूथ आणि ऑडिओ असे दोन्ही ड्रायव्हर उतरवा. ‘दोन्ही’वर मुद्दाम भर देतो. इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ब्लूटूथचा आवाज ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ या ऑडिओ ड्रायव्हरमधूनही जाऊ शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या यादीत ते नाव दिसते. एक बाजू नवी आणि दुसरी जुनी राहिली की हेडफोन जोडलेला दिसतो, आवाजाची पट्टी हलते आणि कानात मात्र शांतता. अशा वेळी एकटा ब्लूटूथ ड्रायव्हर मागे नेऊन भागत नाही.

इंटेलचे कार्ड असेल तर थेट इंटेलकडचे पॅकेजही चालते आणि बहुधा ते जास्त नवे असते. रिअलटेक आणि मीडियाटेकसाठी मात्र लॅपटॉपच्या कंपनीचेच घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणवणारी त्रयस्थ कंपन्यांची सॉफ्टवेअर टाळा. ती चुकीच्या कार्डाचा ड्रायव्हर खुशाल बसवतात.

एक काळजी: जुना ड्रायव्हर पुसण्याआधी तारेचा माउस हाताशी ठेवा आणि नवा ड्रायव्हर डिस्कवर उतरवून घ्या. ब्लूटूथ गेले की ब्लूटूथचा माउस आणि कीबोर्डही जातात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १० किंवा ४३ दिसत असेल तर आम्ही सरळ कंपनीच्या ड्रायव्हरकडे जाऊ. नाव शाबूत आहे, त्रिकोण नाही, पण कालपर्यंत चालणारे आज बिघडले, तर आधी मागे नेऊ.

अपडेट काढणे कधी योग्य?

क्वचित. मासिक अपडेट ‘अपडेट हिस्टरी’च्या खालच्या ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून निघते, पण त्याबरोबर त्या महिन्याची सुरक्षेची दुरुस्तीही जाते. आवृत्तीच बदलली असेल, समजा २३एच२वरून २४एच२, तर ‘रिकव्हरी’मधले ‘गो बॅक’ साधारण १० दिवसच मिळते. नंतर जुन्या फाइली पुसल्या जातात. म्हणून आवृत्ती बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हेडफोन, माइक आणि मीटिंग सगळे तपासून घ्यावे. परतायचे असेल तर फाइलींची प्रत आधी काढा, कारण बदलानंतर टाकलेली ॲप्स जातात.

अपडेटचा दोष खरा असला तरी उपाय ड्रायव्हरमध्ये असू शकतो, याचे उदाहरण २४एच२चेच आहे. डिराक या कंपनीच्या आवाज सुधारणाऱ्या एका घटकामुळे काही लॅपटॉपचे स्पीकर आणि ब्लूटूथ हेडसेट बंद पडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४मध्ये अशा लॅपटॉपवर २४एच२ रोखून धरले आणि सप्टेंबर २०२५मध्ये नवा ड्रायव्हर आल्यावर ती रोक उठवली.

डोंगल: दोन प्रकार, दोन वेगळी कामे

डोंगल म्हणजे यूएसबीच्या खाचेत लावायचे छोटे उपकरण. दुकानात दोन्ही प्रकारांना ‘ब्लूटूथ डोंगल’च म्हणतात, म्हणून इथे पैसे वाया जातात. साधे ब्लूटूथ ॲडॉप्टर विंडोजचेच ब्लूटूथ वापरते. आतले कार्ड मेले असेल तर ते उपयोगी, पण दोष विंडोजच्या बाजूचा असेल तर तो जसाच्या तसा राहतो. ते लावल्यावर आतले ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून ‘डिसेबल’ करा, नाहीतर दोघांची गल्लत होते.

दुसरा प्रकार ऑडिओ ट्रान्समीटरचा. क्रिएटिव्हचे बीटी-डब्ल्यू५ किंवा सेनहायझरचे बीटीडी ६०० त्यातले. विंडोजला ते यूएसबी साउंड कार्ड वाटते आणि हेडफोनशी जोडणी डोंगलच करते. म्हणून विंडोजच्या ब्लूटूथमध्ये काहीही बिघडले तरी हे चालते. माउस-कीबोर्ड मात्र त्याला जोडता येत नाहीत. रोज मीटिंग असणाऱ्याला, किंवा लॅपटॉप कंपनीने नवे ड्रायव्हर देणे थांबवले असेल त्याला, आम्ही हेच सुचवू. पण तेही अपडेटपासून पूर्ण सुरक्षित नाही. जानेवारी २०२५च्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी ऑडिओ १.० ड्रायव्हरवरचे काही डॅक (डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारी बाहेरची उपकरणे) बंद पडले होते.

आवाज तुटक येत असेल तर खरेदीआधी जागा बदलून पाहा. यूएसबी ३ची हार्ड डिस्क किंवा हब २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालते. डोंगल यूएसबी २च्या खाचेत, छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लावा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.