सर्किटव्हर्स की लॉजिसिम इव्होल्यूशन?

दोन्ही म्हणजे कॉम्प्युटरवर डिजिटल सर्किट जोडून चालवून बघायची सॉफ्टवेअर. लॉजिक गेट्स (० आणि १ वर चालणारे सर्किटचे छोटे भाग) नुकतेच शिकायला घेतले असतील तर आधी सर्किटव्हर्स उघडा, फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल काही करायचं नाही आणि हाफ अ‍ॅडर (दोन बिटांची बेरीज करणारं सर्किट) जमला की लिंक थेट मैत्रिणीला पाठवता येते. पण रोजच्या सरावाला मला लॉजिसिम इव्होल्यूशनच जास्त आवडतं, तेही फुकट, नेट नसलं तरी चालतं, आणि त्यात वायरचा रंगच सगळं सांगतो: १ असेल तर चमकदार हिरवी, ० असेल तर गडद हिरवी, कुठून व्हॅल्यूच येत नसेल तर निळी, दोन आउटपुट एकमेकांशी भांडले की लाल! माझा ४ बिटचा काउंटर (मोजणी करणारं सर्किट) पुढे सरकतच नव्हता, तासभर डोकं फोडलं, शेवटी क्लॉक इनपुटकडे (जिथे काउंटरला पुढे सरकायचा ठोका मिळतो) जाणारी निळी वायर दिसली, जोडायचीच राहिलेली. जुनं, मूळ लॉजिसिम मात्र घेऊ नका, त्याचं काम कधीच थांबलंय.