बदकं बघायला घेतलेलं वॉटरप्रूफ जॅकेट : जून ते जानेवारीचा अनुभव

'वॉटरफाउल जॅकेट' (वॉटरफाउल म्हणजे बदकांसारखे पाणपक्षी) म्हणून शोधलं की समोर येतो तो सगळा माल अमेरिकेतल्या बदकांच्या शिकाऱ्यांसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार म्हणजे थेट गुन्हा. संस्थानकाळात चित्ते पाळून काळविटांमागे सोडणाऱ्या या कोल्हापुरात आता आमच्यासारखे लोक दुर्बीण गळ्यात अडकवून कळंबा तलावाच्या काठावर बसतात. तरी ती शिकारी जॅकेटं नीट बघून ठेवावीत. त्यांचं आणि आपलं काम बंदूक सोडली तर सारखंच आहे : पहाटे पाण्याकाठी गप्प बसायचं, हलायचं नाही आणि पाखरू दिसलं की दोन्ही हात डोळ्यांपर्यंत न्यायचे.

मी घेतलं ते साडेसहा हजारांचं, शेवाळी रंगाचं, आतून जाळीचं अस्तर असलेलं. शिवणी टेप लावलेल्या, लेबलवर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं. हा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत ते पाणी अडवतं, त्याचं माप. दुकानात सगळी चर्चा या आकड्यावरच होते. मात्र जुलैत गगनबावड्याच्या रस्त्याला तासभर मोटरसायकल चालवली, तेव्हा कापडातून थेंबही आत आला नाही आणि तरी मी भिजलो. पाणी आलं गळ्याशी चेनच्या टोकातून आणि बाहीतून. कापड पास, शिवणकाम काठावर पास.

बाहीचं जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात उभं राहून हे कळत नाही. दुर्बीण धरली की कोपर खाली आणि मनगट वर. मनगटावर पडलेलं पाणी उताराला लागून थेट कोपरापर्यंत येतं. हळदी-कुंकू बदकाची मादी पिल्लं घेऊन पाणवनस्पतींतून बाहेर पडत होती, हात खाली घ्यायची इच्छा नव्हती, आणि शर्टाची बाही पिळून काढण्याइतकी ओली झाली. शिकाऱ्यांच्या चांगल्या जॅकेटांना बाहीच्या आत रबरासारख्या निओप्रीनची घट्ट पट्टी असते ती याच कारणाने. माझ्याला नुसती वेल्क्रो. ती घट्ट आवळली तर निम्मं पाणी थांबतं, पण उघडताना जो चर्रर्र आवाज येतो त्याने टिबुकली बुडी मारते आणि वारकरी पक्षी लांब पळतात. म्हणून वेल्क्रो घरूनच आवळून निघायचं, मध्ये हात लावायचा नाही.

आवाजाचं म्हणाल तर जॅकेट एकूण शांत आहे. वरचं कापड मऊ, किंचित लव असलेलं. दुकानात शेजारी टांगलेलं चकचकीत नायलॉनचं जॅकेट हात हलवला तरी कुरकुरीच्या पुड्यासारखं वाजत होतं. पण या मऊपणाचीही किंमत आहे. लव पाणी धरून ठेवते, जॅकेट जड होतं आणि पावसाळ्यात पंख्याखाली दीड-दोन दिवस वाळत नाही. ओलं तसंच कपाटात गेलं तर बुरशीचा वास धरतं. रोज वापरायचं असेल तर हे नकोच.

आता घाम. 'ब्रीदेबल' कापडातून वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. थंड, कोरड्या हवेत हे छान चालतं. राधानगरीच्या लक्ष्मी तलावाकाठी ऑगस्टात बाहेरची हवाच ओलीचिंब, मग वाफ जाणार कुठे? चढ चढताना पाठ घामाने भिजते, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. उपयोगाला आल्या त्या काखेतल्या चेनी. पाऊस धरलेला असतानाही त्या उघड्या ठेवल्या तरी चालतात. जाळीच्या अस्तराने ओलं कापड अंगाला चिकटत नाही, हेही बरं. काखेत चेन नसलेलं जॅकेट कोल्हापूरसाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आत फ्लीसचं अस्तर असलेलं, बर्फाळ दलदलीसाठीचं शिकारी मॉडेल इथे घालाल तर तलावापर्यंत पोचायच्या आत उकडून निघाल.

टोपीबद्दल तक्रार नाही. पुढे कडक कड आहे, पाणी डोळ्यांवर येत नाही. मागच्या दोरीने आवळली की मान वळवताना टोपीही वळते. ऐकू मात्र कमी येतं. अडई बदकाची शीळ नीट ऐकायची तर टोपी मागे टाकावीच लागते.

ऑक्टोबरनंतर पाऊस गेला आणि जॅकेट वेगळ्या कामाला लागलं. डिसेंबरात थापट्या आणि तलवार बदकं बघायला पहाटे दुचाकीवर जाताना वारा अडवायला याच्याइतकं काही नाही. आत एक स्वेटर पुरतो. छातीवरचे उभे खिसे तेव्हा आवडले, हात शेकायला आणि वही ठेवायला. पोटाजवळचे खिसे सॅकच्या पट्ट्याखाली दाबले जातात, त्यांचा उपयोग शून्य.

सगळ्यात मोठी नाराजी उजव्या खांद्यावर आहे. सॅकचा पट्टा घासून आतली टेप सुटायला लागली आणि तिथून पाझर सुरू झाला. दुकानाने 'वापराने झालेली झीज' म्हणून हात वर केले. शेवटी शिवणीवर लावायचं सीलर आणून आतून लावलं, सध्या धरलंय. दुसरं, काही महिन्यांनी कापडावर थेंब मोत्यासारखे उभे राहायचे थांबतात आणि वरचं कापड पाणी पिऊ लागतं. लोक म्हणतात वॉटरप्रूफपणा गेला. तो गेलेला नसतो, वरचा पाणी झटकणारा लेप थकलेला असतो. कमी साबणात धुवायचं, भरपूर पाण्यात खळबळायचं, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवायची. माझे थेंब परत उभे राहिले.

नुसतं रंकाळ्यावर फिरायला आणि ऑफिसला जायला हवं असेल तर एवढे पैसे घालू नका. लक्ष्मीपुरीतून साधा रेनकोट घ्या, तो पाणी जास्त चांगलं अडवतो आणि तासाभरात वाळतो. पाण्याकाठी तास-तास बसणार असाल तर मात्र दुकानात जॅकेट घालून आधी दोन्ही हात दुर्बीण धरल्यासारखे वर करा आणि बाही मनगटावरून किती मागे सरकते ते बघा. माझी चार बोटं सरकते. पुढचं घेताना एक माप मोठं घेणार, आत स्वेटरलाही जागा होईल.