फुल्यांचं आणि नानांचं घर: पुण्यातली फेरी की नायगाव–मेणवली?

पंचवीस-तीस जणांची एक दिवसाची सहल ठरवताना हे दोन पर्याय हमखास समोर येतात. गंमत म्हणजे माणसं जवळपास तीच. पुण्यात जोतीरावांचा फुलेवाडा आणि नाना फडणविसांचा नानावाडा, तर सातारा रस्त्याने सावित्रीबाईंचं माहेर नायगाव आणि नानांची मेणवली.

पुण्याची फेरी स्वस्त पडते आणि अर्ध्या दिवसात होते. फुलेवाड्यातला हौद नीट थांबून दाखवावा. 1868 साली जोतीरावांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला. अंगणात त्यांची समाधीही आहे. जोडीला केसरीवाडा सहज होतो.

अडचण वाड्यांत नाही, दोन वाड्यांच्या मध्ये आहे. मोठी बस गंज पेठेच्या बोळांत शिरत नाही. लांब उतरून चालावं लागतं आणि वाटेत मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रोड! चौघी बांगड्यांपाशी थांबतात, दोघे चहाला वळतात, आणि पुढच्या वाड्याच्या दारात शिरगणती करत अर्धा तास जातो. माहिती सांगणाऱ्याला तेच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. माझं मन पुण्यावरून उडालं ते एवढ्याचमुळे. दहा-बारा जणांचा शिस्तीचा गट असेल तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

नायगाव–मेणवलीला माणसं पांगत नाहीत, कारण पांगायला जागाच नाही. मेणवलीचा वाडा चौकाचौकांतून उलगडत जातो. भिंतींवरची चित्रं बघायला उजेड हवा, म्हणून सकाळच गाठावी. मग मागे कृष्णेच्या घाटावर उतरायचं. तिथल्या छोट्या देवळीतली घंटा जवळून बघा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वसईच्या 1739च्या मोहिमेनंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. जुन्या वाड्याचे उंबरे आणि जिनेही उंच, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना चौकातच बसवलेलं बरं.

नायगावचं घर लहान आहे, पण 3 जानेवारी 1831 ला सावित्रीबाई जिथे जन्मल्या त्या गावातच त्यांच्याविषयी बोलणं निराळं उतरतं. फुलेवाडा आधी पाहिलेल्यांना तर हे अधिकच भिडतं.

खर्च अर्थातच जास्त. एका मोठ्या बसऐवजी दोन सतरा सीटर घ्या, मेणवलीच्या गल्लीत वळवायला सोप्या जातात. खरी डोकेदुखी खंबाटकी घाटाची. शनिवार-रविवारी महाबळेश्वरची गर्दी, त्यात चढणीवर एखादा ट्रक तापून बंद पडला की सगळं खोळंबतं. त्यामुळे स्वारगेट सहालाच सोडायचं आणि नाश्ता शिरवळला न करता घाट ओलांडून करायचा. चढण जातानाच लागते, येताना बोगदा आहे. म्हणून मेणवली आधी, वाईत जेवण (संख्या आदल्या दिवशी कळवून) आणि नायगाव परतीच्या वाटेवर.

मेणवलीचा वाडा खासगी आहे, नायगावला स्मारक आहे. दोन्हीकडच्या वेळा फोन करून पक्क्या करा. 3 जानेवारीच्या आसपास नायगावला जत्रेसारखी गर्दी असते, शांतपणे घर बघायचं असेल तर तो आठवडा सोडा.