इंटर्नशिपच्या नावाखाली माझ्या नावावर बँक अकाउंट उघडलं गेलं, जर्मनीत सेमिस्टरला जाणाऱ्यांनी प्लीज वाचा

मी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एका सेमिस्टरसाठी लाइप्झिगला गेले होते. विंटर सेमिस्टर, म्हणजे कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. आमच्या कॉलेजची अट अशी की तिथले विषय पास व्हायचे आणि शिवाय किमान आठ आठवड्यांची इंटर्नशिप करायची, दोन्ही झालं तरच पूर्ण क्रेडिट. हे आधीच सांगतेय कारण या अटीमुळे मी घाईत होते आणि ज्यांनी मला फसवलं त्यांना माझी घाई पहिल्या दिवसापासून माहीत होती, मीच अर्जात लिहिलं होतं ना की जानेवारीच्या आत सुरू करायचंय म्हणून.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. माझ्याकडे कोणीही एक युरोसुद्धा मागितला नाही. आपल्या डोक्यात फसवणूक म्हणजे कोणीतरी रजिस्ट्रेशन फी मागणार, सिक्युरिटी डिपॉझिट मागणार, आणि तसं कोणी मागितलं असतं तर मी तिथेच थांबले असते, तेवढं मला कळत होतं. इथे उलट होतं, ते मला पैसे देणार होते, तासाला 15 युरो, तेव्हा तिथलं किमान वेतन 12.41 होतं म्हणजे त्याहून जास्त पण अगदी अविश्वसनीय वाटेल एवढंही नाही. त्यांना माझे पैसे नकोच होते, माझं नाव आणि माझा पासपोर्ट हवा होता.

नोव्हेंबर संपेपर्यंत मी चाळीसेक ठिकाणी अर्ज केले होते. बहुतेकांना चांगलं जर्मन हवं होतं, माझं बी वनच्या आसपास, ईमेल वाचता येतो पण मीटिंगमध्ये मागे पडते. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात त्या अकाउंटमधून, महिन्याला 992 युरो सुटायचे, त्यात हॉस्टेलचं भाडं, इन्शुरन्स, खाणं सगळं बसवायचं, त्यामुळे पगार असलेली इंटर्नशिप मिळाली तर फार बरं असं घरीही बोलणं झालेलं. अशात एका जॉब पोर्टलवरच्या अर्जाला उत्तर आलं. काम डिजिटल प्रोसेस टेस्टिंगचं, म्हणजे वेगवेगळी अॅप आणि वेबसाइट ग्राहक म्हणून वापरून बघायची आणि कुठे अडकायला होतं त्याचा रिपोर्ट द्यायचा. घरून काम, आठवड्याला 15 तास, इंग्लिश चालेल. माझा कोर्सही त्याच विषयाचा, त्यामुळे मला वाटलं हे आपल्यासाठीच आहे.

मी चौकशी केली नाही असं नाही. तिकडे हांडेल्सरेगिस्टर म्हणून कंपन्यांची सरकारी नोंदवही असते, 2022 च्या ऑगस्टपासून ती ऑनलाइन फुकट बघता येते. तिथे कंपनीचं नाव टाकलं तर कंपनी होती, नंबर जुळत होता, डायरेक्टरचं नाव जुळत होतं, पत्ता जुळत होता. वेबसाइटवर इम्प्रेसुम होतं, म्हणजे साइट कोणाची आहे ती कायद्याने द्यावी लागणारी माहिती, त्यातही तेच सगळं. मी निश्चिंत झाले. चूक अशी झाली की कंपनी खरी आहे एवढंच मी तपासलं, मला मेल पाठवणारे लोक त्याच कंपनीचे आहेत का हे तपासलंच नाही. खऱ्या कंपनीची सगळी माहिती उचलून त्यांनी वेगळीच साइट बनवली होती, पत्त्यात फक्त एक हायफन आणि करिअर असा शब्द जास्तीचा. खऱ्या कंपनीचा फोन नंबर शोधून एक कॉल केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी तो कॉल फेब्रुवारीत केला आणि फोन उचलणाऱ्या बाई म्हणाल्या की आमच्या नावाने हे चाललंय, असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

कॉन्ट्रॅक्ट पीडीएफमध्ये आलं, चांगलं सात पानी, सुट्ट्या वगैरे सगळं लिहिलेलं. मग ऑनबोर्डिंगसाठी पासपोर्टचा फोटो, रेसिडेन्स परमिटच्या दोन्ही बाजू आणि पासपोर्ट चेहऱ्याजवळ धरून सेल्फी मागितला. मी दिला. आता जे सांगते ते नीट वाचा कारण मला हे कोणी सांगितलं असतं तर मी वाचले असते. जर्मनीत पगारी काम देणारा खरा माणूस तुमचा टॅक्स नंबर मागतो, हेल्थ इन्शुरन्सचा कागद मागतो, सोशल सिक्युरिटी नंबर मागतो, आणि नॉन ईयू स्टुडंट असाल तर परमिटवर कामाच्या किती दिवसांची परवानगी आहे ते बघतो, 2024 च्या मार्चपासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. यांनी यातलं एकही मागितलं नाही. मी माझा टॅक्स नंबर स्वतःहून विचारला की पाठवू का, तर म्हणाले पहिल्या पगाराच्या वेळी बघू.

पहिला आठवडा अगदी साधा गेला. एक शॉपिंग अॅप डाउनलोड कर, कार्टमध्ये वस्तू टाक, किती पायऱ्या लागल्या ते फॉर्ममध्ये लिही. त्यांचं स्वतःचं पोर्टल होतं, तिथे माझे तास दिसायचे, कमावलेली रक्कम दिसायची, रिपोर्टला शेरा यायचा की छान निरीक्षण आहे. कोऑर्डिनेटर म्हणून एक बाई व्हॉट्सअॅपवर बोलायची, फार प्रेमळ, मला सर्दी झाली तर विचारपूस करायची. त्या थंडीत, चार वाजता अंधार पडतो, वर्गात अजून कोणाशी धड ओळख नाही, त्यात रोज कोणीतरी काम चांगलं केलंस म्हणतंय याचं केवढं अप्रूप वाटतं ते तिथे एकटं राहिलेल्यालाच कळेल.

9 डिसेंबरला मोठा टास्क आला, एका बँकेची व्हिडिओवरून ओळख पटवायची पद्धत टेस्ट करायची. तिकडे ऑनलाइन अकाउंट उघडताना व्हिडिओ कॉलवर एजंट तुमचा पासपोर्ट बघतो, तिरका करून होलोग्राम दाखवायला लावतो, नंबर वाचायला लावतो. याला व्हिडिओ आयडेंट म्हणतात, ही पद्धत खरी आहे आणि बँकही खरी होती. मला सांगितलं गेलं की हे टेस्ट अकाउंट आहे, टेस्ट झाली की डिलीट होईल. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पासपोर्ट माझा, पण ईमेल आणि फोन नंबर त्यांनी दिलेला टाकायचा, का तर म्हणे टेस्टचा डेटा वेगळा ठेवायला. आणि एजंटला टेस्ट आहे असं अजिबात सांगायचं नाही, नाहीतर तो नेहमीसारखा वागणार नाही आणि निष्कर्ष चुकतील. मला ते शास्त्रशुद्ध वाटलं. आम्हाला वर्गात त्याच महिन्यात शिकवलं होतं की युझर टेस्टिंगमध्ये समोरच्याला कल्पना देऊ नये.

त्या कॉलमध्ये एजंटने मला सरळ विचारलं, इंग्लिशमध्ये, सावकाश, की तुम्हाला हे अकाउंट उघडायला कोणी सांगितलंय का, एखाद्या नोकरीसाठी किंवा टेस्टिंगच्या कामासाठी. मी नाही म्हणाले. तो प्रश्न माझ्यासाठीच होता, अशा लोकांपासून मला वाचवायलाच बँकेने तो ठेवला होता, आणि मी त्यांनी दिलेल्या सूचनेप्रमाणे कॅमेऱ्यात बघून नाही म्हणाले. शेवटी जो कोड येतो तो त्यांच्या नंबरवर गेला, कोऑर्डिनेटरने मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, मी टाइप केला. अकाउंट उघडलं. माझ्या नावावर, खरं अकाउंट, आणि चाव्या त्यांच्याकडे.

आठवड्याने हॉस्टेलच्या पत्रपेटीत बँकेचं पाकीट आलं, त्यातल्या अॅक्टिव्हेशन कोडचा फोटो मागितला तोही मी पाठवला. मग 18 तारखेला कोऑर्डिनेटर म्हणाली की पहिली टेस्ट टेक्निकल कारणाने फेल गेली, दुसऱ्या प्रोव्हायडरकडे परत करू. म्हणून अजून एक व्हिडिओ कॉल. ती दुसरी बँक होती हे मला तेव्हा लक्षातही आलं नाही, फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता आणि मी फक्त लिंक उघडली.

पगार 15 जानेवारीला येणार होता. 10 तारखेच्या आसपास पोर्टल उघडेना. व्हॉट्सअॅपवर एक टिक. मला वाटलं चला, महिन्याभराची मेहनत बुडाली, रडले, मैत्रिणीला सांगितलं आणि परीक्षेच्या मागे लागले. माझ्या मते फसवणूक तिथे संपली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलिसांचं पत्र आलं. भाषांतर करणाऱ्या अॅपमध्ये एकेक ओळ टाकून वाचलं. त्यात मी तक्रारदार नव्हते, साक्षीदार नव्हते, बेशुल्डिग्टे होते, म्हणजे जिच्यावर संशय आहे ती. गुन्हा गेल्डवेशे, मनी लाँडरिंग, कलम 261. एका खोट्या ऑनलाइन दुकानाने लोकांकडून आगाऊ पैसे घेतले होते, कॉफी मशीन, गेम कन्सोल, वॉशिंग मशीन, आणि ते सगळे माझ्या नावाच्या अकाउंटवर आले होते. नऊ दिवसांत चौदा जणांचे आठ हजारांच्या वर युरो, आले त्याच दिवशी पुढे गेलेले. नंतर वकिलांकडे स्टेटमेंट बघितलं तेव्हा एका बाईंनी पैसे पाठवताना ऑर्डर नंबरच्या पुढे लिहिलं होतं की वाढदिवसापर्यंत पाठवा प्लीज. ते वाचून मला जे झालं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेली नाही.

कायदा असा आहे की मला माहीत नव्हतं एवढं म्हणून सुटका नाही. हलगर्जीपणाने, म्हणजे कळायला हवं होतं पण दुर्लक्ष केलं, असं ठरलं तरी दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड होऊ शकतो. आणि ज्यांचे पैसे गेले ते अकाउंट ज्याच्या नावावर त्याच्याकडे दिवाणी दावाही लावू शकतात, कारण खरा चोर सापडतच नाही.

पत्र आलं त्या रात्री मी दोन चुका करता करता राहिले. एक म्हणजे भीतीने ती व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करणार होते, असं वाटत होतं की हे माझ्या फोनमध्ये नकोच. हॉस्टेलमधल्या शेजारणीने हात धरला. पुढे तीच चॅट, ते कॉन्ट्रॅक्ट, ते मेल हाच माझा सगळा बचाव होता. दुसरी म्हणजे सकाळी एकटीच पोलीस स्टेशनला जाऊन मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगून टाकणार होते. संशयिताला पोलिसांसमोर बोलायची सक्ती तिकडे नाही, आधी वकिलाने केसची फाइल मागवायची आणि मग लेखी म्हणणं द्यायचं, आणि दुभाषाही मोफत मिळायचा हक्क असतो. विद्यार्थ्यांसाठी कायद्याचा सल्ला मिळायची सोय होती तिथे गेले, त्यांनी पुढे वकील सुचवला. माझ्याकडूनही फसवणुकीची तक्रार नोंदवली.

मग वकिलांनी शूफाकडून माझ्या डेटाची कॉपी मागवायला लावली. शूफा म्हणजे तिकडची क्रेडिटची नोंद ठेवणारी संस्था, ही कॉपी फुकट मिळते, फक्त त्यांच्याच साइटवर पैसे घेऊन मिळणारं सर्टिफिकेटही असतं ते वेगळं, ते घेऊ नका. त्यात ते दुसरं अकाउंट दिसलं. जी टेस्ट परत करायची म्हणून केली होती तेच. त्यावर अजून काही व्यवहार झाला नव्हता, लगेच बँकेला कळवून बंद केलं. कॉपी मागवली नसती तर मार्चमध्ये मी घरी आले असते आणि ते अकाउंट तिकडे आरामात चालू राहिलं असतं.

सेमिस्टरपुरतं जाणाऱ्यांसाठी यातला सगळ्यात वाईट भाग पत्त्याचा आहे. असल्या केसमध्ये कोर्टाचा दंडाचा आदेश पिवळ्या पाकिटात येतो, स्ट्राफबेफेल म्हणतात, पोस्टमनने पेटीत टाकला की तुम्हाला मिळाला असं धरतात आणि हरकत घ्यायला फक्त दोन आठवडे. तुम्ही तेव्हा परीक्षा संपल्यावर कुठेतरी फिरायला गेला असाल, किंवा सामान बांधून निघायच्या गडबडीत पेटी बघितलीच नाही, तर तुमच्याविरुद्धचा निकाल तुम्हाला न कळता पक्का होऊ शकतो. म्हणून मी निघायच्या आधी पत्रं वकिलांच्या पत्त्यावर जातील अशी लेखी व्यवस्था केली.

इंटर्नशिपचं क्रेडिट अर्थातच गेलं, ते मी पुढच्या सुट्टीत इकडे भरून काढलं. आई-बाबांना मार्चमध्ये परत आल्यावर सांगितलं, फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त वकिलांची फी किती ते विचारलं. नंतर शोधलं तर जर्मन पोलीस आणि ग्राहकांना सल्ला देणारी केंद्रं या अॅप टेस्टरच्या प्रकाराबद्दल केव्हापासून इशारे देतायत, पण मी शोधलं तेव्हा फक्त त्या कंपनीचं नाव शोधलं, कामाचा प्रकार शोधलाच नाही. तुम्हाला असं काम आलं तर कंपनीच्या नावाबरोबर व्हिडिओ आयडेंट टेस्ट आणि बेट्रुग हे शब्द टाकून शोधा, बेट्रुग म्हणजे फसवणूक. आणि कोणीही कुठल्याही कारणासाठी तुमच्या पासपोर्टबरोबर दुसऱ्याचा फोन नंबर टाकायला सांगितला तर तो कॉल तिथेच बंद करा. कॉल आधीच झाला असेल तर आत्ता, आज, त्या बँकेला फोन करा, पैसे यायला लागायच्या आत अकाउंट गोठवलं गेलं तर चौदा माणसं वाचतात.

माझ्यावरची फौजदारी केस जुलैत बंद झाली, पुराव्याअभावी. दिवाणीत चौदापैकी एकाच बाईंनी वकिलामार्फत दावा लावला, त्यांचे 1280 युरो गेले होते, त्याच त्या वाढदिवसवाल्या. माझे वकील म्हणाले लढू शकतो पण कोर्ट काय म्हणेल सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशी लढायची मला इच्छाही नव्हती. निम्म्यावर तडजोड झाली, 640 युरो, महिन्याला 40. सात हप्ते गेलेत, नऊ बाकी आहेत.