हमिंग काढायला मशीन दिलं आणि व्हॉल्व्ह घालवले

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गावात खंजेरी वाजली नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही. भजनी मंडळाचं 'मशीन' म्हणजे १५ वॅटचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, काचेच्या नळ्यांवर चालणारा. आउटपुटला, म्हणजे भोंग्याला जोर देणारी, ईएल८४ जातीच्या व्हॉल्व्हची जोडी, तीही बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची. काचेवरची अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता यायची.

पोळा झाला आणि मशीनमधून हमिंग यायला लागली. भजन थांबलं की भोंग्यातून नुसतं 'हुंऽऽऽ'. कपाशीची निंदणी डोक्यावर, पुण्यतिथी जवळ आलेली, म्हणून मी ते बाजाराच्या गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे टाकलं. त्यानं झाकणसुद्धा न उघडता निदान केलं. "काकाजी, ट्रान्सफार्मर जयला तुमचा. व्हॉल्व्हबी गेले."

इथंच मला शंका यायला हवी होती. ट्रान्सफॉर्मर जळला असता तर फ्यूज उडाला असता, नाहीतर वास तरी सुटला असता. गाणं स्वच्छ ऐकू येतंय आणि मागं फक्त हुंकार आहे, असं झालं नसतं. पण मी मुंडी हलवली.

अकरा दिवसांनी बिल हातात आलं: ट्रान्सफॉर्मरची तार नव्यानं गुंडाळायचे (रिवाइंडिंग) ३५००, व्हॉल्व्ह २६००, मजुरी ७००. एकूण ६८०० रुपये, तेही कोऱ्या कागदावर. काढलेले भाग मागायचं मला सुचलंच नाही. दुकानात हमिंग खरंच कमी वाटली. ट्रान्सफॉर्मर नव्या काळ्या रंगात चकाकत होता.

घरी भजनाला बसलो तर डग्ग्याचा घुमारा गायब. पेटीचे खालचे सूर चिरके. आठ दिवसांत 'हुंऽऽऽ' परत आलं, पहिल्यापेक्षा जोरात.

मग भाच्यानं यवतमाळच्या एका जुन्या रेडिओवाल्या आजोबांकडे नेलं. त्यांनी आधी व्हॉल्यूम शून्यावर आणला. हमिंग तशीच. "म्हणजे माइक न् त्याची वायर सुटली यातून," आजोबा म्हणाले. व्हॉल्यूमबरोबर हमिंग कमीजास्त झाली असती, तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात शोधला असता. मग कान देऊन बसले. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हिटरच्या वायरिंगमधून किंवा अर्थिंगच्या घोळातून येणारी हमिंग बहुतेक ५० ची, जाड, पोटात घुमणारी. एसीची डीसी करणारा रेक्टिफायर त्या ५० ची दुप्पट करतो, म्हणून ती डीसी सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर सुकला की १०० ची येते, जरा वरच्या सुरातली. आमची १०० ची होती.

प्लग काढून त्यांनी आधी रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा केला आणि मीटरनं तपासला. बंद मशीनमध्येही ३०० व्होल्ट साठून राहतात. घरी कुणी झाकण उघडून बोट घालू नका, गंमत नाही ती. जुन्या फिल्टरला चांगला ४७ मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्टचा कंडेन्सर समांतर जोडून मशीन चालू केलं. हमिंग बसलीच जवळजवळ. म्हणजे दोष फिल्टरचाच. दोन नवे कंडेन्सर, २८० रुपये.

पुढचं ऐकताना मला घाम फुटला. ट्रान्सफॉर्मर उघडलेलाच नव्हता. रंग बोल्टांवरून थेट वाहत खाली आलेला, एकाही बोल्टाला पान्याचा ओरखडा नाही. आवाज आउटपुटच्या व्हॉल्व्हकडे नेणारे कपलिंग कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचे काढून ०.००१ चे टाकले होते. त्यानं खालचे सूरच कापले जातात, मग त्याबरोबर हमिंगही दबते. आमचा डग्गा असा गेला होता! आणि व्हॉल्व्ह? काचेवर एक अक्षर नाही, वरचा चंदेरी डाग तपकिरी पडलेला, म्हणजे वापरून झिजलेले. एक व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या निम्माही करंट ओढत नव्हता. जोडी सारखी असली तर दोघांतली हमिंग एकमेकीला मारते; इथं जोडीच बेजोड, म्हणून ती वाढली. आमचे चांगले व्हॉल्व्ह मात्र कुणा शौकिनाच्या घरी गेले असणार. त्यांना गिऱ्हाईक आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, मशीन देण्याआधी झाकणाच्या जाळीतून व्हॉल्व्हवरची अक्षरं मोबाईलमध्ये टिपून ठेवा, न् काढलेला भाग परत देईन असं दुकानदाराकडून लिहून घ्या. पाहायचं म्हणून स्पीकर काढून मशीन चालवू नका. तसं केलं तर व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर खरंच जळू शकतो.

मी त्या दुकानात परत गेलो. "तुमचे व्हॉल्व्ह तं फुटले होते, फेकून देल्ले," म्हणाला, वर माझ्यासाठी चहा सांगितला. चहा घेतला नाही. पावतीच नव्हती, भांडू कशावर?

आजोबांनी कपलिंग कंडेन्सर पूर्ववत केले. आमच्या माळ्यावरच्या बंद रेडिओतून एक ईएल८४ निघाला, दुसरा त्यांनी आपल्या डब्यातून दिला, पैसे घेतले नाहीत. पुण्यतिथीला डग्गा वाजला. अगदी जवळ कान नेला तर अजून थोडी हमिंग येते.